तीनशे चौसष्ट फरश्या

सोनकांबळेभाऊंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती बुद्धपौर्णिमेच्या खिरीला. चप्पल काढून आत आले आणि खिडकीखाली टेकायला लागले, तेवढ्यात भाऊ आतून म्हणाले, "ताई, तिथं नका बसू. ती अजून बँकेची हाय. इकडं या, ह्या आपल्या हायत."

मी अर्धवट वाकलेली तशीच थांबले. मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. मग खाली पाहिलं. फूटभर लांबीरुंदीच्या जुन्या पांढरट फरश्या, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून अर्ध्या खोलीपर्यंत प्रत्येक फरशीच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. खिडकीखालच्या सगळ्या कोऱ्या होत्या. सुनंदावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, ठिपक्यांच्या फरश्यांवर चटई अंथरली आणि अगदी सहज सांगितलं, "बसा. सगळ्यांनाच सांगतेत ते. माझ्या आईला सुद्धा उठवलंय तिथनं."

खीर उत्तम होती. ती खाताना भाऊंनी मला हिशोब समजावला. रहाटणीतला तो जुना दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी वीस वर्षांच्या कर्जावर घेतला होता. घेतल्या दिवशी त्यांनी गुडघ्यावर बसून फरश्या मोजल्या. तीनशे चौसष्ट भरल्या, न्हाणीघर सोडून. कर्जाच्या मुद्दलाला तीनशे चौसष्टनं भागलं की एका फरशीची किंमत निघते. तेवढं मुद्दल फिटलं की एक फरशी सुटली. सुटली की वहिनींनी ठिपका लावायचा. सुरुवात वहिनींच्या ओट्यापासून केलेली, आणि शेवट बाहेरच्या दाराशी, जिथं उभं राहून भाऊ कंपनीत जाताना बूट घालत, त्या फरशीवर करायचा.

"वीस वर्षं कोण थांबतंय, ताई," ते म्हणाले. "आपून आठात उडवू."

आमची कंपनी चाकणला. मोटारीच्या दाराच्या बिजागऱ्या बनवते. भाऊ शेवटच्या तपासणीला होते, मी माल पाठवायच्या खात्यात चलनं करते. कंपनीची बस काळेवाडीतून मला घेते. परतीला मोशीच्या ट्रॅफिकमध्ये ती इतका वेळ उभी असते, की मागच्या बाकावर शेजारी बसणाऱ्यांचं एकमेकांचं सगळं ठाऊक होऊन जातं. त्या बाकावर आम्ही तिघं. मी, भाऊ आणि गणेश पवार. पवार तपासणीतच, भाऊंच्या हाताखाली. दोन मुलांचा बाप, तोंडाचा फटकळ, आणि खर्चाला सैल. तिघांच्याही डोक्यावर घराचं कर्ज होतं. भाऊंनी आम्हाला कामाला लावलं.

आधी आम्ही त्यांची चेष्टा केली. मग एका रविवारी मीही घरात गुडघ्यावर बसून फरश्या मोजल्या. नवऱ्यानं विचारलं, काही हरवलं का? मी म्हटलं, हो, घर.

भाऊंनी नियम घालून दिला होता. कुणाची फरशी सुटली की परतीच्या बसमध्ये त्यानं सांगायचं, "एक सुटली." मग बाकीच्यांनी समोरच्या सीटच्या नळीवर टिचकी वाजवायची. पहिली टिचकी भाऊंची. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख जाड आणि वाढवलेलं होतं, त्यामुळे ती टण्णकन वाजे. हळूहळू पुढच्या सीटवरचे, ज्यांना कर्ज नव्हतं तेसुद्धा वाजवायला लागले. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असत आणि संबंध बस तुमच्या एका फुटाच्या फरशीसाठी नळ्या वाजवत असे. मी खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं. लग्नातसुद्धा माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

किती राहिल्या, हे भाऊ नेहमी विचारत. आकडा कितीही असला तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. "दोनशे ऐंशी? दोनशे ऐंशी म्हणजे काहीच नाही." मग रहाटणीचा थांबा येई. ते उतरत, बसच्या पत्र्यावर हातानं दोनदा थाप मारत आणि ड्रायव्हरला म्हणत, "सोडा." ड्रायव्हरला आरशात सगळं दिसत असे. तरी त्यांच्या थापेशिवाय तो गाडी हलवत नसे.

पण ह्या टिचक्यांचा काच पण होता. फरशी हेच आमचं नाणं होऊन बसलं. पवारनं मुलांना पिझ्झा खायला नेलं तर भाऊ विचारत, "कोपरा गेला का रं?" मी साडी नेसून आले की ते नुसते बघत, आणि माझ्या डोक्यात आपोआप पाव फरशी यायची. एकदा मी कपडे धुवायचं मशीन घेतलं. माझे हात साबणानं फुटले होते, गरज होती. तरी मी ते आठ महिने बसमध्ये कळू दिलं नाही. माणूस चोरीचा माल घरात ठेवतो तसं ते मोरीत चादरीखाली झाकून ठेवलं होतं. शेवटी भाऊ आणि वहिनी अचानक घरी आले आणि नेमकं तेव्हाच ते घरघरायला लागलं.

भाऊ मोरीत गेले. चादर उचलून बघितली. "तीन फरश्या," एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. वहिनी मात्र मशीनच्या काचेवर तळहात ठेवून कपडे थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, "आवाज लई येतो का हो?" मी म्हटलं, येतो. तेवढंच एक वाईट मला त्या मशीनबद्दल सांगता आलं.

पवारची गोष्ट वेगळी. त्यानं पहिल्यांदा जादा रक्कम भरली तेव्हा बँकेतल्या बाईनं विचारलं, हप्ता कमी करू की मुदत कमी करू? पवार म्हणाला, हप्ता. हप्ता कमी झाला, तो खूश झाला, आणि वाचलेल्या पैशांवर त्यानं नवी मोटारसायकल हप्त्यानं उचलली. बसमध्ये त्यानं हे सांगितलं तेव्हा भाऊंनी कपाळावर हात मारला.

"अरे, मुदत मारायची असती! हप्ता कमी केलास म्हणजे तू तिथंच राह्यलास, फक्त साखळी जरा लांब केली."

"भाऊ, आता गाडी आली की," पवार म्हणाला. "तिच्यावर तुम्हालाच घरी सोडीन."

भाऊ त्या गाडीवर कधी बसले नाहीत. आणि पवारच्या फरश्या पुढे कायम दोनशेच्या वरच राहिल्या. हे लक्षात ठेवा, कारण त्याचा पुढे संबंध आहे.

भाऊंना इतकी घाई कशाची होती, हे मला उशिरा कळलं.

त्यांचा अंगठा हा आमच्या कंपनीतला सगळ्यात जुना मापाचा गेज होता. बिजागरी हातात घ्यायची, डोळे मिटायचे आणि वेल्डिंगवरून नख फिरवायचं. केसाएवढी चीर असली तरी ते थांबत. "हिथं हाय." मग मशीनवर लावून बघितलं की तिथंच असे. त्यांच्या शर्टाला दोन खिसे. उजव्यात रुमालात गुंडाळलेला 'ओके'चा शिक्का, डाव्यात नापास मालाला बांधायचे लाल टॅग. शिक्का महिन्याला झिजायचा. लाल टॅगचा गठ्ठा मात्र मळून काळा झाला तरी संपत नव्हता.

कारण ट्रक दारात उभा असे. वरून फोन आलेला असे, आणि आमचे साहेब येत. साहेब वाईट माणूस नव्हते, कधी आवाज चढवत नसत. खांद्यावर हात ठेवून म्हणत, "भाऊ, एवढ्या वेळी सोडा. पुढच्या लॉटला बघू."

"सोडतो, साहेब."

आणि शिक्का बाहेर येई. रविवारच्या ओव्हरटाइमची यादी शुक्रवारी पाण्याच्या कूलरशेजारी लागे. ती साहेब करत. जो माल अडवतो त्याचं नाव तिथं येत नाही, असं कुणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, यादी सगळ्यांना वाचता येत होती. एका रविवारची अर्धी फरशी. भाऊंचं नाव यादीत कायम पहिलं असे.

ज्या दिवशी असा माल जाई, त्या दिवशी परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीकडे तोंड करून बसत. एकदा मोशीला गाडी अडकली असताना ते आपणहूनच बोलले.

"ताई, शब्द एकच हाय बघा. तिकडं माल सोडायचा आन् इकडं फरशी सोडवायची. मी रोज तेच करायलो."

मी म्हटलं, "मग नाही म्हणा ना एकदा."

"म्हणणार. पण 'नाही' म्हणायला पायाखालची फरशी आपली लागती. शेवटची सुटली ना, की दुसऱ्याच दिवशी म्हणणार. 'नाही साहेब, सुटणार नाही.' त्याच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. न्हाईतर मला काय, वीस वर्षं भरलं असतं निवांत."

हे ऐकून पवारला ऊत आला. त्यानं बसमध्येच रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. तो साहेब झाला. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून, साहेबांचा तो मऊ आवाज काढून म्हणाला, "भाऊ, एवढ्या वेळी सोडा." सगळी बस मागं वळून बघत होती. भाऊ हसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सोडतो."

हशा झाला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी 'ना' पर्यंत आले आणि अडले. चौथ्या वेळी कसंबसं म्हणाले, "नाही साहेब... सॉरी." तेव्हा कुणी हसलं नाही. पवारनं खांद्यावरचा हात काढून घेतला. समोर त्यांचाच चेला बसलेला आहे, गाडी मोशीला उभी आहे, काही जाणार-येणार नाही, तरी ह्या माणसाच्या तोंडून तो शब्द फुटत नव्हता. मला त्यांची भयंकर कीव आली आणि स्वतःची भीती वाटली.

घरात वहिनींची वेगळी ओढाताण होती. त्यांच्या भाचीचं नांदेडला लग्न होतं. नेमका रविवार, नेमकी यादी. भाऊ म्हणाले, तू जा. वहिनी म्हणाल्या, जोडीनं जायचं असतं. शेवटी दोघंही गेले नाहीत. भाऊंनी आहेर पाठवला आणि ते ओव्हरटाइमला गेले. त्या दिवशी वहिनी सकाळपासून बँकेच्या फरशीवर बसून राहिल्या. तिथंच भाजी निवडली, तिथंच जेवल्या. भाऊ घरी आले तर ह्या खिडकीखाली. त्यांनी बूट काढले आणि जाऊन शेजारी बसले. मला हे वहिनींनीच सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या. पण नेलपॉलिशची ती लाल बाटली त्यांच्या घरात इतकी वर्षं होती आणि त्यांच्या नखांना मी ती कधीही लागलेली पाहिली नव्हती.

हे सगळं असलं तरी एक सांगायलाच हवं. भाऊ नसते तर मी कधीच हात टेकले असते. माझ्या नवऱ्याचं काळेवाडीत शिलाईमशीन दुरुस्तीचं छोटं दुकान. मालकानं गाळा विकला आणि ते बंद पडलं. पाच महिने घर माझ्या एकटीच्या पगारावर. मी बसमध्ये सांगून टाकलं, माझं जादा भरणं आता बंद.  संध्याकाळी भाऊ आणि वहिनी दारात. वहिनींच्या हातात नेलपॉलिशची ती बाटली, माझ्या पुढच्या फरशीसाठी.

भाऊ आत न येता उंबऱ्याशी बसले. म्हणाले, "अर्धी भरा. पाव भरा. पण नख काढू नका वेल्डिंगवरनं. एकदा काढलं की चीर कुठं व्हती ते सापडत न्हाई."

मी त्या महिन्यात पाव फरशी भरली. बसमध्ये सांगायची लाज वाटत होती, भाऊंनीच सांगितलं. पाव फरशीला सगळी बस वाजली. पुढं नवऱ्याला दुसरा गाळा मिळाला. मी पुन्हा लागले.

आठ म्हणता म्हणता नऊ वर्षं लागली. एका शनिवारी भाऊ बँकेतून कागद घेऊन आले आणि मला नि पवारला घरी बोलावलं. दाराच्या आतली ती एकच फरशी कोरी होती. आम्ही सगळे ती ओलांडून आत गेलो. वहिनी खाली बसल्या, बाटली उलटी करून बराच वेळ धरली आणि तळाशी उरलेल्या नेलपॉलिशनं शेवटचा ठिपका लावला. ब्रशवर थोडा रंग उरला होता, तो त्यांनी डाव्या करंगळीच्या नखावर पुसला. टिचकी वाजवायला घरात नळी नव्हती म्हणून पवारनं गॅसच्या सिलिंडरवर वाजवली. भाऊ त्या फरशीवर दोन्ही पाय जोडून उभे राहिले. कुणी कुठे बसा म्हणून त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

"सोमवारी," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी आठलाच लॉट आला. भाऊंनी तिसरीच बिजागरी उचलली आणि डोळे मिटले. तिच्यावर नख अडलं. मग पाचवीवर, नववीवर, चौदावीवर. मी दहा पावलांवर माझ्या टेबलाशी होते, चलनबुक उघडून. ट्रक दारात होता. साहेब आले. खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, एवढ्या वेळी सोडा."

भाऊंनी डाव्या खिशात हात घातला. तो मळलेला गठ्ठा काढला, त्यातला एक लाल टॅग सुटा केला आणि पहिल्या खोक्याला बांधला. गाठ सावकाश मारली.

"नाही, साहेब. सुटणार नाही."

सॉरी म्हणाले नाहीत. माझे डोळे भरून आले. मला उठून टेबल वाजवावंसं वाटलं.

साहेब अजिबात चिडले नाहीत. त्यांनी टॅगकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. दमलाय तुम्ही. शिक्का पवारकडे द्या."

भाऊ हलले नाहीत. मग साहेबांनीच आपल्या खणातून दुसरा शिक्का आणला आणि पवारसमोर ठेवला. पवार बुटांकडे बघत होता. दोन मुलं, मोटारसायकल आणि दोनशेच्या वर फरश्या. त्यानं एकदा भाऊंकडे पाहिलं, आणि भाऊंनीच मान खाली घातली, त्याला बघायला लागू नये म्हणून. पवारनं शिक्का उचलला. लाल टॅगची गाठ सुटेना, ती त्यानं दातानं तोडली. मग एकेका खोक्यावर शिक्का पडायला लागला.

खोकी माझ्या टेबलाशी आली. साहेब माझ्याजवळ थांबले. "ताई, रविवारी येताय ना? नाव घालतो."

माझ्या तेव्हा दहा राहिल्या होत्या. फक्त दहा. मी चलन फाडून ड्रायव्हरच्या हातात दिलं. ट्रक गेला.

एवढी वर्षं मी समजत होते की भाऊंचं ते 'नाही' आलं की काहीतरी अडेल. एक माणूस सुटल्यानं काहीच अडलं नाही. आम्ही बाकीचे होतोच.

मंगळवारपासून भाऊंना मागच्या शेडमध्ये पॅकिंगला टाकलं. तिथं खोक्यांना पट्ट्या मारायच्या असतात, अंगठ्याचं काही काम नसतं. शुक्रवारच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पहिलं नाव पवारचं होतं, तिसरं माझं. रविवारी आम्ही दोघं कामावर गेलो.

पुढच्या सोमवारी परतीच्या बसमध्ये आम्ही तिघं मागच्या बाकावर. आठवडाभर आमच्यात बोलणं असं नव्हतं. मोशीला गाडी उभी राहिली. मी पर्स घट्ट धरून बसले होते. माझी आधीची अर्धी होती, कालच्या रविवारची अर्धी. एक पुरी झाली होती. मी सांगणार नव्हते.

"काय ताई," भाऊ म्हणाले. "रविवारचं सांगितलं न्हाई."

मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"सांगा की. नियम हाय."

"एक सुटली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पवारनं तोंड खिडकीकडे फिरवलं. पुढचं कुणी वळलं नाही. आणि शेजारून टण्णकन आवाज आला. भाऊंच्या नखाची टिचकी, पहिली, नेहमीसारखी. ती फरशी कुठल्या मालाची आहे हे त्या बसमध्ये त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पवारनं वाजवली. मग पुढच्यांनी. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. त्यांनी शिवी दिली असती तर मी सोसली असती.

"किती राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"नऊ म्हणजे काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि ते परत बसला आले नाहीत. तळेगावकडे कुठल्याशा छोट्या वर्कशॉपमध्ये लागले, पगार कमी आहे, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. त्यांच्या घरी खिरीचं बोलावणं अजून येतं. माझ्यानं जाववत नाही.

पण त्या सोमवारी मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. रहाटणीचा थांबा आला. भाऊ डबा घेऊन उठले, पवारच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उतरले. बस उभीच होती. ड्रायव्हर आरशात बघत होता. मी खिडकीतून खाली पाहिलं. ते माझ्याच खिडकीखाली उभे होते, शर्टाचे दोन्ही खिसे रिकामे. त्यांनी पत्र्यावर हातानं दोनदा थाप मारली आणि वर माझ्याकडे बघत म्हणाले, "सोडा."